चेहरा दिसला पाहिजे

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या न्यासाच्या प्रमुख विश्वस्त, आदरणीय डॉक्टरबाई. व्यासपीठावरचे सन्माननीय विश्वस्त. आजचे सत्कारमूर्ती, अनुदान विभागाचे मावळते प्रमुख, ज्यांना आपण समोर 'साहेब' आणि पाठीमागे 'पुरावेसाहेब' म्हणतो ते साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. विभागातले सर्व कर्मचारी. आणि वर्षातून दोनदा अहवाल लिहिताना ज्यांना साहेबांची लाल शाई आठवते अशा, निरनिराळ्या अनुदानित संस्थांतून आलेल्या माझ्या भगिनी आणि बंधूंनो,

साहेबांच्या शिस्तीबद्दल, वक्तशीरपणाबद्दल आणि सुंदर अक्षराबद्दल माझ्याआधीच्या वक्त्यांनी इतकं सांगितलं आहे की त्यात मी भर घालणं म्हणजे भरल्या पेल्यात पाणी ओतणं. मला आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "अनुदान घेणाऱ्यांच्या वतीने तुम्हीच बोला, तुमचे अहवाल साहेबांना फार आवडतात." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की ते जरा गोंधळले. डॉक्टरबाईंना मी काय बोलणार याची कल्पना दिली होती. त्या म्हणाल्या, "बोला, अडवणार नाही. फक्त आवाज चढवू नका." तो शब्द मी पाळणार आहे.

पाहुण्यांपैकी काही जण आमच्या व्यवहारातले नाहीत, म्हणून आधी थोडक्यात सांगते. न्यास आम्हाला अनुदान देतो. कुणी त्यातून शाळा चालवतं, कुणी विहिरींच्या पाण्यावर संशोधन करतं. अनुदान हप्त्यांनी येतं आणि प्रत्येक हप्त्याआधी अहवाल द्यावा लागतो. काय केलं, कुणासाठी केलं, त्यांच्या आयुष्यात काय बदललं, काय अडचणी आल्या. यात गैर काही नाही. लोकांचा पैसा घेतला तर त्याचं काय केलं ते सांगायलाच हवं, याबद्दल माझं आणि साहेबांचं एकमत आहे. बहुधा एवढ्या एकाच गोष्टीबद्दल आहे.

हे नियम साहेबांनी स्वतः लिहिले. त्यातला एक त्यांचा विशेष लाडका. अहवालासोबत लाभार्थीचा फोटो जोडावा आणि त्यात चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. विहिरीवाल्या संशोधकांना तर साहेबांनी म्हणे विचारलं होतं, "विहिरीचा फोटो आला, पण विहिरीचा लाभार्थी कुठाय?" हसलात, बरं वाटलं. हसून घ्या, कारण पुढे फारसं हसायला मिळणार नाही.

साहेबांना माझी ओळख 'शिवणघरवाल्या बाई' एवढीच आहे. आज ती पुरी करते. साहेब, मी अक्कांची भावजय.

तुम्हाला आठवायला वेळ लागतोय, हे दिसतंय मला. सावकाश आठवा, तोवर मी यांना सांगते.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी बायकांसाठी एक घर चालवलं होतं. मारहाणीला कंटाळून, अंगावरच्या कपड्यांनिशी, मूल कडेवर घेऊन निघालेल्या बायकांसाठी. दाराला पाटी नव्हती. शेजाऱ्यांना वाटायचं, इथे शिवणाचा क्लास आहे. अक्कांचा एकच नियम होता, आलेल्या बाईला आडनाव विचारायचं नाही. मी तेव्हा एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसायचे आणि संध्याकाळी अक्कांकडे जाऊन त्यांचे अहवाल लिहायचे. जिन्यातच ताज्या पावाचा वास यायचा. नवी आलेली बाई आधी त्या वासाने रडायची, मग जेवायची.

त्यात एक होती, तिला सगळ्या गुणगुणी म्हणायच्या. शिवणयंत्रावर बसली की गुणगुणायला लागायची. सूर बेताचाच होता. बाकीच्या म्हणायच्या, मशीनच्या आवाजात बुडून जातं तेवढं बरंय. पण एखाद्या दिवशी ती गप्प असली की त्याच बायका विचारायच्या, "काय गं, बरं नाही का?" तिला एक लेक होती, बालवाडीत जायची. तिच्या नवऱ्याने तिला शोधायचं सोडलं नव्हतं आणि ते तिला माहीत होतं. ती खिडकीत कधी उभी राहायची नाही.

अक्कांनी न्यासाकडून अनुदान घेतलं आणि पहिल्या अहवालासोबत हातांचे फोटो पाठवले. कापड कापणारे हात, पीठ मळणारे हात, पाटीवर अक्षर काढणारे हात. मला ते फोटो फार आवडले होते. अहवाल परत आला. लाल शाईत, त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'चेहरा दिसत नाही. पुरावा ग्राह्य नाही.' पुढचा हप्ता थांबला.

आम्ही दोघी कचेरीत गेलो. साहेबांच्या खोलीत भेटायला येणाऱ्यांची खुर्ची जरा बुटकी आहे, बसलेल्यांना माहीत असेल. अक्का त्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "साहेब, या बायका लपून राहतात. चेहरा दिसू नये म्हणूनच तर त्या माझ्याकडे आल्यात."

साहेब म्हणाले, "ताई, उद्या कुणी म्हणेल हात भाड्याने आणले. मी विश्वस्तांना काय दाखवू?"

"मला दाखवा. मी येऊन उभी राहते त्यांच्यासमोर."

"तुम्ही लाभार्थी नाही ना, ताई."

मग साहेब उठले. मागचं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. म्हणाले, "फोटो इथे राहील. किल्ली माझ्या खिशात. या खोलीबाहेर जाणार नाही. माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुमचा?"

समोरच्याने असं विचारल्यावर 'नाही' म्हणायला जी बेमुर्वत जीभ लागते, ती अक्कांकडे नव्हती. माझ्याकडे होती, पण मला कुणी विचारलं नाही.

घरी येऊन अक्कांनी सगळ्यांना बसवून खरं ते सांगितलं. कुणी तयार होईना आणि अक्कांनी कुणाला गळ घातली नाही. बेकरीवाल्याचं भाडं थकलं होतं, पिठाचा डबा तळाला गेला होता. तेव्हा गुणगुणी म्हणाली, "माझा घ्या. अक्का, तुम्ही म्हणताय ना कपाटात राहील, मग राहील." न्यासाचा फोटोग्राफर आला. उजेड हवा म्हणून त्याने तिचं मशीन खिडकीपाशी नेलं. तिला म्हणाला, "जरा गाणंबिणं म्हणा, चेहरा खुलेल." ती हसली आणि त्याने ते हसू टिपलं. न्यासाच्या छापील संमतीपत्रावर अक्कांनी घरप्रमुख म्हणून सही केली. हप्ता आला, पिठाचा डबा भरला.

नव्या वर्षाला न्यासाने भिंतीवरचं कॅलेंडर छापलं. मार्च महिन्याच्या पानावर गुणगुणी होती. पानभर. हसताना. आणि तिच्या मागच्या खिडकीतून बेकरीच्या पाटीचा अर्धा भाग दिसत होता.

हे कॅलेंडर दवाखान्यांत गेलं, दुकानांत गेलं, एका केशकर्तनालयात गेलं. तिथे खुर्चीत, तोंडाला साबणाचा फेस लावून, तिचा नवरा बसला होता. हे मी रचून सांगत नाही. त्यानेच तिला पुढे सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगायचा, मजेने.

तो आमच्या घरी आलाच नाही. बेकरीत यायचा, पाव घ्यायचा, समोर उभा राहून खायचा. मुलगी कुठल्या शाळेत जाते ते त्याने पाहून ठेवलं. मग एके दुपारी शाळेत जाऊन म्हणाला, मी हिचा बाप. ते खोटं नव्हतं. मुलगी घाबरून गप्प राहिली, बाईंना वाटलं लाजतेय. संध्याकाळी बेकरीच्या फोनवर त्याचा निरोप आला. पोरगी हवी असेल तर ये, एकटी ये.

अक्का जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "आपण पोलिसांत जाऊ. उद्या सकाळपर्यंत थांब, माझं ऐक."

गुणगुणी म्हणाली, "अक्का, ती माझं बोट धरल्याशिवाय झोपत नाही. आज कुणाचं धरेल?"

अक्का बाजूला झाल्या. साहेब, तुमच्याकडे आहे का तिच्या प्रश्नाचं उत्तर? आज नसलं तरी चालेल.

पोलिसांत आम्ही गेलो. ते म्हणाले, आई, बाप, लेक, तिघं आपल्या घरी आहेत, मग तक्रार कशाची?

अक्का न्यासाकडे गेल्या. तेव्हाचे विश्वस्त वेगळे होते, आज व्यासपीठावर बसलेल्यांपैकी कुणी नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायला हवं. चौकशी बसली. अक्का म्हणाल्या, साहेबांनी शब्द दिला होता. साहेबांनी शांतपणे संमतीपत्र उलटं केलं आणि मागच्या बाजूची बारीक ओळ वाचून दाखवली. छायाचित्र प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही. खाली अक्कांची सही. कपाटाबद्दल विचारलं तर म्हणाले, "असं काही बोलणं झाल्याचं मला स्मरत नाही. झालं असेल तर त्याचा पुरावा काय?"

मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "पुरावा मी. मी ऐकलंय." ते म्हणाले, "तुम्ही घरातल्याच."

निकाल लागला. लाभार्थीची ओळख उघड करून तिची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल अक्कांच्या घराचं अनुदान रद्द करण्यात आलं. पुन्हा ऐका, कारण पहिल्यांदा ऐकताना मलाही वाटलं होतं की कानाने दगा दिला. अक्कांनी ओळख उघड केली म्हणून. साहेबांना त्या वर्षी उत्कृष्ट प्रसिद्धीसाठी शाल मिळाली.

घर बंद पडलं. बायका पांगल्या. अक्का माझ्याकडे राहतात. तब्येत ठणठणीत आहे, वाचतात, मला स्वयंपाकात नावं ठेवतात. पण त्या घटनेनंतर त्यांनी फोटो काढून घेतलेला नाही. माझ्या मुलाच्या लग्नात सगळे रांगेत उभे राहिले तेव्हा अक्का हळूच उठून पाणी प्यायला गेल्या, ते फोटो संपेपर्यंत आल्याच नाहीत. आज निघताना मी त्यांना चला म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू जा. माझा नमस्कार मात्र सांगू नकोस." म्हणून सांगत नाही.

गुणगुणी नवऱ्याच्या घरातून दुसऱ्यांदा बाहेर पडली ती बऱ्याच वर्षांनी, लेक हाताशी आल्यावर, लेकीच्याच आधाराने. उजव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. का, ते सांगायची गरज नाही. शिवण अजून उत्तम आहे. गुणगुणणं थांबलंय. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एका कानाने सूर लागतोय की नाही ते कळत नाही, वहिनी. आधीही कळत नव्हतं म्हणा, पण तेव्हा फिकीर नव्हती."

त्या दिवशी मी ठरवलं. काय ठरवलं ते तेव्हा नीट शब्दांत सांगता आलं नसतं. आज येतं. ठरवलं की या माणसाला सुखासुखी निवृत्त होऊ द्यायचं नाही.

मी तशाच बायकांसाठी शिवणघर सुरू केलं आणि अनुदानाचा अर्ज याच न्यासाकडे केला. माझ्या जवळच्या माणसांनी मला वेड्यात काढलं. जगात दुसरे न्यास नाहीत का? आहेत. पण तिथे साहेब नव्हते. अर्जावर माझं नाव, माझी सही, सगळं खरं होतं. साहेबांनी मला समोर बसवून घेतलं, त्याच बुटक्या खुर्चीत, आणि ओळखलं नाही. मला वाटलं होतं ओळखतील. खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला तितका चौकशीच्या दिवशीही आला नव्हता.

मग मी अहवाल लिहायला लागले. चेहरा दिसला पाहिजे, हा नियम होताच. मी दर अहवालात फोटो जोडले, चेहरा स्पष्ट दिसणारे. सगळे माझे. कधी चष्मा लावून, कधी शाल पांघरून, कधी मशीनवर, कधी इस्त्री करताना. प्रत्येकाखाली लिहिलं, 'लाभार्थीचा चेहरा दाखवणं तिच्या जिवाला धोक्याचं आहे, म्हणून अर्जदाराने स्वतःचा दाखवला आहे.' आणि 'अडचणी' या रकान्यात मी दर वेळी एकच अडचण लिहिली. अक्कांचं घर, कपाट, कॅलेंडर, शाळेतून गेलेली मुलगी, चौकशी. सगळं, साहेबांच्या हुद्द्यासकट. प्रत्येक अहवालावर साहेबांचा शेरा आहे, त्याच सुंदर अक्षरात. 'समाधानकारक. इतरांनी आदर्श घ्यावा.'

साहेब, मी तुमच्यापासून काही लपवलं नाही. दर सहा महिन्यांनी तुमच्या टेबलावर आणून ठेवत होते. तुम्ही चेहरे मागितलेत, पण बघितले कधीच नाहीत.

बघितले ते डॉक्टरबाईंनी. त्या गेल्या वर्षी विश्वस्त झाल्या आणि जुने अहवाल घरी नेऊन वाचायला लागल्या. एका सकाळी त्यांचा फोन आला. "तुमच्या अहवालांत बारा फोटो आहेत, बघताना मला वाटलं बारा बायका. सगळ्यांच्या डाव्या भुवईवर एकाच जागी खूण कशी?" मी म्हटलं, "बाई, ती एकच बाई आहे." फोनमध्ये पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे फोटोंखाली आणि 'अडचणी'त लिहिलंय तेही खरं आहे?" मी म्हटलं, "या, चहाला या." त्या शिवणघरात आल्या, गुणगुणीसमोर बसल्या आणि उठताना एवढंच म्हणाल्या, "हाडं जोडायचं काम केलंय मी आयुष्यभर. हे कुठून जोडायचं ते कळत नाहीये."

आता आजच्या समारंभाकडे येते. आत्ताच आपण टाळ्या वाजवल्या, कारण साहेबांना न्यासाने त्यांच्या अनुभवांचं पुस्तक लिहिण्यासाठी अनुदान मंजूर केलं आहे. त्यांनी नमुन्याचं प्रकरण दिलं होतं, ते मी वाचलं आहे. त्यात ते लिहितात, माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत अभिमानाचं काम म्हणजे ते कॅलेंडर. त्यामुळे आमचं कार्य घराघरांत पोहोचलं. खरं आहे, साहेब. एका घरात तर नक्कीच पोहोचलं. आणि मुखपृष्ठासाठी त्यांनी सुचवला आहे तोच फोटो. खिडकी, मशीन, हसू.

ते प्रकरण माझ्याकडे कसं आलं, तर प्रत्येक अनुदानाचे अहवाल तपासायला एक माणूस नेमावा, हा साहेबांचाच नियम. डॉक्टरबाईंनी अनुदानित संस्थांना विचारलं, साहेबांच्या पुस्तकाचे अहवाल कोण तपासेल? इथे बसलेल्या तुम्हा संस्थावाल्यांनाही विचारलं होतं, पण हे किचकट काम कुणाला हवंय. मी हात वर केला. साहेबांना त्यांच्या मंजुरीपत्रात 'संस्थांचा एक प्रतिनिधी' असं कळवलं आहे आणि त्यांनी त्यावर सही केली आहे. मागची बाजू वाचली की नाही, मला माहीत नाही.

तर साहेब, तुमचे अहवाल माझ्याकडे येतील. दर सहा महिन्यांनी. मी ते वाचेन, प्रत्येक ओळ, कारण मला त्याची फार हौस आहे. तो फोटो मुखपृष्ठावर येणार नाही, आतही येणार नाही. फोटोतल्या बाईने नकार दिला आहे आणि या वेळी नकार तिच्या स्वतःच्या सहीने आहे. पण ते प्रकरण गाळायचं नाही. ते पुन्हा लिहायचं. नियमाप्रमाणे पहिल्या अहवालासाठी लाभार्थीची प्रत्यक्ष भेट घ्यावी लागते आणि आयुष्यात काय बदललं ते तिच्याच शब्दांत नोंदवावं लागतं. ती बोलायला तयार आहे. मी विचारलं, "जमेल तुला?" ती म्हणाली, "मला काय न जमायला झालंय? त्यांना ऐकायला जमेल का विचारा." सोमवारी सकाळी शिवणघरात ती बोलेल आणि तुम्ही लिहाल. तिच्या डाव्या हाताला बसा, म्हणजे तुमचा प्रश्न तिला ऐकू जाईल. तिचा एकही शब्द बदललात तर अहवाल परत येईल.

आणि एक फोटो लागेल. ती बोलतेय आणि तुम्ही ऐकताय, असा. तिची पाठ असेल. तुमचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

नको असेल तर अनुदान परत करायला तुम्ही मोकळे आहात. तुमच्या घरी पिठाचा डबा त्यामुळे रिकामा होणार नाही. तेवढी सोय अक्कांना नव्हती. पण परत केलंत तर कारण लेखी द्यावं लागेल, तेही नियमातच आहे, आणि तेही मीच वाचेन.

काही जण मागे वळून बघताय. बघू नका. ती आज इथे आली आहे की नाही, हे मी सांगणार नाही. आली असेल तर आमंत्रणावरून आलेल्या कुणाही माणसासारखी कुठेतरी बसली असेल, तिला तसंच बसू द्या.

वहिनी, तुमच्याशी माझं काही भांडण नाही. आजचा दिवस तुमचाही होता आणि तो मी नासवला, त्याबद्दल तुमची मनापासून क्षमा मागते. डॉक्टरबाईंनी मला हा मंच दिला, त्यांचे आभार; आवाज चढवला नाही, पण वेळ ठरल्यापेक्षा जास्त घेतला, ते पोटात घालावं. सभागृहाने चुळबुळ न करता ऐकलं, बाहेर चहा निवतोय हे माहीत असूनही, त्याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर त्यांनी मला माफ करावं.

साहेब, तुमच्याकडे माफी मागत नाही. सोमवारी या.